बुरशी जगावी म्हणून

आमच्या सूनबाईला बुरशीचा भारी राग. भाद्रपद सरत आला, पावसाचा जोर ओसरून ओला उकाडा सुरू झाला, की ही फडकं घेऊन घरभर फिरते. पेटीवर पांढरं दिसलं, पूस. पाटाखाली हिरवं दिसलं, घास. आमच्या जैनांतलीच मुलगी, पण पुण्याला शाळा शिकलेली. आताच्या मुली एवढं पाळत नाहीत. परवा माळ्यावरून जुना पाट खाली काढला, तर त्यावर कापसासारखी बुरशी. ती फडकं टेकवणार, तोच माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं थांब! जिवंत आहे ती." सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारी चळली, असंच वाटलं असणार तिला. वाटू दे बापडीला. माझ्या छातीत जे धडधडायला लागलं, ते जेवणं उरकेपर्यंत थांबलं नाही.

किती पावसाळे आले नि गेले. पण माझ्यापुरता पावसाळ्याचा शेवट एकच झाला, बाकी सगळे नुसते त्याची आठवण करून द्यायला येतात. ओल्या भिंतींचा वास, न वाळणारी लुगडी, परसात साचलेल्या पाण्यावरची डासांची गुणगुण, आणि दुकानातून माजघरापर्यंत येणारा हिरड्याचा तुरट वास. तो वास नाकात शिरला की अजून माझी जीभ कोरडी पडते. माणसाला सुखाचे दिवस सलग आठवत नाहीत. घोर लागलेले दिवस मात्र सकाळ-दुपारसकट आठवतात, त्या दिवशी भाजी कुठली केली होती तेसुद्धा.

तेव्हा जुन्नरात आमचं हिरड्याचं दुकान होतं. राणी वारून नव्या बादशहाच्या तोंडवळ्याचं नाणं नुकतं बाजारात खुळखुळायला लागलं होतं, आणि गाठीच्या तापाचं, प्लेगचं, नाव काढलं की माणसं अजून गप्प होत होती. माझं माहेर घोडेगावचं. तळेघरकडची माणसं डोक्यावर हिरड्याच्या पाट्या घेऊन डोंगर उतरायची, ती आधी माझ्या भावाच्या ओट्यावर टेकायची. आमचे मूळ पुरुष मारवाडातून आले म्हणतात, पण माझ्या आजीलाही ते गाव ठाऊक नव्हतं. आम्ही इथलेच. भांडायचं तर मराठीत, रडायचं तरी मराठीत.

केसर माझी थोरली, एकुलती लेक; मुलगा तिच्या पाठचा, तेव्हा लहान. पुण्याला दिली होती. गाठीच्या तापानं जावई गेला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, संसार म्हणजे काय ते कळायच्या आतच संसार आटोपलेली. माघारी आली ती एका ट्रंकेनिशी. तेव्हापासून घरातलं सगळं काम तीच करायची. धान्य निवडायची, पापडाचं पीठ तिंबायची, गुमास्त्यांची जेवणं बघायची. रागावायची नाही, रडायची नाही. मला वाटायचं, चला, पोर रुळली. आईला असं वाटून घेणं फार सोयीचं पडतं.

त्या वर्षी आमच्या साध्वी चौमाशाला जुन्नरात उतरल्या. पावसाचे चार महिने त्या एकाच गावी राहतात. पावलोपावली जीव उपजलेले असतात, ते तुडवायचे नाहीत म्हणून. कार्तिकी पुनव झाली की चालू लागतात. पायांत काही नाही, बसायला गाडी नाही, धातूचं भांडं चालत नाही. पाणी प्यायचं ते लाकडाच्या, भोपळ्याच्या नाहीतर मातीच्या भांड्यातून. आणि घर नाही. एकदा दीक्षा घेतली की आई आई राहत नाही, गाव गाव राहत नाही. केसर रोज त्यांच्याकडे जायला लागली. मीच पाठवायची, तेवढाच तिच्या जिवाला विरंगुळा म्हणून. श्रावणात एका दुपारी ती ताक घुसळत होती. रवी न थांबवता म्हणाली, "आई, पुनवेनंतर मला त्यांच्याबरोबर जायचंय."

बाई गं! माझ्या हातातलं सूपच खाली पडलं.

ह्यांना सांगितलं, तर हे हिरड्याचं पोतं शिवत बसलेले, वरही बघेनात. "पोर तुझी. तू हो म्हणालीस तर माझं हो," एवढं बोलून हात झटकले. मग मी साध्वींतल्या सगळ्यांत थोरल्या होत्या त्यांच्याकडे गेले, त्यांना आम्ही गुरुणीजी म्हणायचो. त्या म्हणाल्या, "आईची आज्ञा नसेल तर आम्ही नेणार नाही. पण आज्ञा मनापासूनची हवी." झालं! सगळ्यांनी मिळून धोंड माझ्याच गळ्यात बांधली. नाही म्हणावं, तर दीक्षेला आडवं येणं म्हणजे आमच्यात केवढं पाप. हो म्हणावं, तर काळीज धजेना. दोन दिवस मी घशाखाली घास उतरवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी एक युक्ती काढली.

"तुझ्या पाण्याची बरणी मी देणार," मी केसरला म्हटलं. साध्वींची ती लाकडी, झाकणाची बरणी असते, तरपणी म्हणतात तिला. "आणि लाकूड माझ्या माहेरच्या मुलखातलं. पण त्यासाठी झाडावर कुऱ्हाड पडता कामा नये. आपलं आपण पडलेलं झाड हवं. ती बरणी तयार होऊन तुझ्या हातात आली की जा."

केसरनं माझ्याकडे पाहिलं. "आणि पुनवेच्या आत नाही झाली तर?"

"तर पुढच्या चौमाशाला बघू."

ती हसली. "आई, दुकानात बाबांच्या जागी तू बसायला हवी होतीस."

तिला सगळं कळलं होतं. मलाही कळलं होतं की तिला कळलंय. तरी तिनं अट मान्य केली, आणि त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

पडलेलं झाड सापडायला वेळ लागेल, असा माझा होरा. पण नशीब बघा, भावाचा आठ दिवसांत निरोप! तळेघरच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर आदल्या वर्षीच्या वाऱ्यात उन्मळलेला आंबा तसाच पडून आहे, खुशाल न्या म्हणतोय. म्हटलं, मेला एवढा चांगुलपणा नेमका आत्ताच कुठून सुचला त्याला? मग मला पावसानं हात दिला. डोंगरातली वाट चिखलानं भरलेली, बैलगाडी उतरेना. ते लाकूड जुन्नरात यायला भाद्रपद अर्धा उलटला. मी आतून इतकी खूश, की त्या दिवशी गाडीवानाला घरचं तूप वाढलं.

कातारी म्हणजे धोंडू. लाकूड फिरतं ठेवून कातायचं, पाळण्याच्या खुंट्या, लाटणी, करंडे करायचे, हा त्याचा धंदा. हात बारीक कामाचा, आणि मुख्य म्हणजे सावकाश. त्यानं ओंडक्यावर थाप मारली, नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"आक्का, ह्ये लाकूड लई पाणी प्यालेलं हाय. आधी कच्चं कातून ठिवाया लागंल. मंग भाताच्या तुसात पुरून सावकाश सुकवायचं. मंग झाकान. घाई केली तर झाकान आज बसंल आन् उद्या हालंल."

"घाई नको हो धोंडूभाऊ," मी घाईघाईनं म्हटलं. "अजिबात नको."

त्याची बायको सगुणा दाराशी बसून तूर पाखडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं नि पुन्हा पाखडायला लागली.

पुढं पितृपंधरवडा लागला. "ह्यात नवं काम धरत न्हाई," धोंडू म्हणाला. बरं झालं. घट बसल्यावर त्यानं काम काढलं, तोवर खंडेनवमी आली आणि हत्यारं पूजेला बसली. तेही बरं झालं. लोक सणांची वाट बघतात गोडाधोडासाठी, मी बघत होते कामाच्या सुट्टीसाठी. केसर मात्र शांत. रोज दुपारी माझ्याबरोबर धोंडूच्या पडवीत यायची, भिंतीला टेकून बसायची, जणू ती बरणी दुसऱ्याच कुणाची.

ते काम मात्र बघण्यासारखं. जमिनीत दोन खुंट रोवलेले, त्यांना लोखंडी अणकुच्या, दोन्हींच्या मधे लाकडाचा ठोकळा. त्याला दोरीचे वेढे, आणि दोरीची दोन्ही टोकं सगुणाच्या हातांत. ती समोर बसून एक टोक ओढायची, मग दुसरं. ठोकळा गरकन् इकडे फिरायचा, गरकन् तिकडे. धोंडू जमिनीवर बसून पटाशी पायाच्या बोटांनी दाबून धरायचा, आणि ठोकळा त्याच्याकडे फिरला की तेवढीच लावायचा. उलटा फिरला की बाजूला. एकमेकांकडे बघायचीसुद्धा नाहीत दोघं. ती दमली की त्याला दोरीवरून कळायचं, मग तो उगाच पटाशीला धार लावायला घ्यायचा. ओला भुसा उडायचा, त्याला आंबूस वास. सालीखालचा भाग निघून गेला आणि धोंडू एकदम थांबला.

"आगं, ह्ये बघ!"

लाकूड पिवळट, आणि त्याच्यावर काळ्या बारीक रेघा. वळत वळत गेलेल्या, कुठं एकमेकींना भिडलेल्या, कुठं सुटलेल्या. काजळाच्या काडीनं काढल्यासारख्या दिसत होत्या. मी घरचा घोर क्षणभर विसरले.

"कुणी काढल्या म्हाईत हाय का ह्या?" धोंडू म्हणाला. "बुरशीनं. वर्सभर लाकूड भिजत पडलं, आतून बुरशी हिंडली. लई झाडं कातली मी, पर आसं लाकूड न्हाई गावलं."

बुरशीचं नाव निघाल्याबरोबर केसर उठून जवळ आली. आमच्यात बुरशीत जीव मानतात, एक नाही, अगणित. बुरसलेली वस्तू खायची नाहीच, पण ती पुसायची नाही, धुवायची नाही, उन्हातही टाकायची नाही. सावलीत अलगद ठेवायची आणि विसरून जायची. केसरनं विचारलं, "आता आहे का ती आत?"

"आता कुठली? रेघा काढल्या आन् गेली."

केसर पुन्हा जागेवर जाऊन बसली. माझ्या मनात मात्र काहीतरी लुकलुकलं. जिवावर कुऱ्हाड नको म्हणून आपण पडकं झाड मागितलं, आणि पडकं झाड म्हणजे बुरशीचंच घर की! हे आधी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्यासारख्या पाळणाऱ्या माणसांनीच करावी अशी चूक होती ती. धोंडू शेवटी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून चकाकी देतो, तीही केसरनं नको म्हणून सांगितलं, लाख किड्यांची. "नुसतं तेल लावा," म्हणाली. धोंडू बिचारा डोकं खाजवत राहिला.

कच्ची बरणी आणि कच्चं झाकण तुसाच्या पाटीत पुरलं. दिवाळीच्या तोंडावर धोंडूनं आम्हा दोघींना बोलावून पाटी उघडली. तूस बाजूला सारलं, आणि आतून निघालं ते लाकूडच दिसेना. सगळं पांढरं, मऊ, लवलवीत. आभाळ गेले काही दिवस भरलेलंच होतं, तुसात दमटपणा कोंडला होता, बुरशीला आणखी काय हवं?

"हात्तिच्या!" म्हणत धोंडूनं खांद्यावरचा पंचा ओढला.

"थांबा! पुसू नका!" केसर ओरडली. ती माघारी आल्यापासून चार वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"आवो, मंग काय करायचं? उनात ठिवतो."

"उन्हातही नको. फळीवर सावलीत ठेवा. तिचं आयुष्य संपलं की तिची ती जाईल. मग पुढचं काम."

"आन् ती कवा जायाची? आसल्या हवंत तर ती लई जोमानं वाढंल!"

केसर फळी मोकळी करायला लागली. मला मात्र एवढा आनंद झाला की तो लपवायला मी पदरानं तोंड पुसलं. अट माझी, पण आता ती तिच्याच धर्मानं पक्की केली होती. पुनवेपर्यंत बुरशी जगली, की साध्वी पुढं जाणार आणि माझी लेक माझ्या घरात राहणार. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

त्यानंतरचे दिवस आठवले की आता हसू येतं, तेव्हा हसण्याजोगं काही नव्हतं. मी बुरशीची खबर घ्यायला रोज धोंडूकडे जायची. जन्मभर पापडाच्या डब्यात बुरशी येऊ नये म्हणून झुरलेली बाई मी, फळीपाशी उभी राहून मनातल्या मनात म्हणायची, जग गं बाई, एवढी पुनव जग. सकाळी दार उघडलं की आधी आभाळ बघायचं. ढग दिसला की जीव भांड्यात. ऊन तापलं की पोटात गोळा. वारा उत्तरेकडून सुटला की मी खिडक्या लावत सुटायची, जशी काही माझ्या घराच्या खिडक्या लावल्यानं धोंडूच्या पडवीतला वारा थांबणार होता! फोडणी करपायची. ह्यांनी हाक मारली तरी दचकायची. दिवाळीत करंज्यांच्या सारणात साखर घालायला विसरले. कुणी नाव ठेवलं नाही. माझं तोंड बघून कुणाची छाती झाली नसेल.

एक दिवस बुरशी जरा मलूल दिसली. दुसऱ्या दिवशी मी तांब्या भरून पाणी घेऊन गेले. काय करणार होते ते मला नक्की ठाऊक होतं. फळीपाशी पोचते, तो सगुणा मागं उभी.

"आक्का, पाणी कशाला?"

"प्यायला," मी म्हटलं, आणि तिच्यासमोर तो अख्खा तांब्या गटागटा पिऊन टाकला.

ती हसली नाही. फळीखालच्या पायरीवर बसली. म्हणाली, "आक्का, लेक सासरी जाती तवा आमी बी लई रडतो."

"सासरी गेलेली माघारी येते गं, सगुणा. माहेरपणाला येते, बाळंतपणाला येते. ही यायची नाही."

"तुमची तर आलीच व्हती की माघारी." आणि तिनं जीभ चावली. "चुकलं आक्का. बोलू नाय ते बोलले."

मी घरी आले ती वाटभर तिच्यावर चरफडत. कोण मोठी लागून गेली मला सांगणारी, असं म्हणत होते. पण तो राग काही टिकेना. पाणी प्यायलेलं पोटात डचमळत होतं आणि तिचं ते वाक्यही.

तुळशीची लग्नं लागली, पुनव अगदी तोंडावर आली. त्या दुपारी धोंडूकडे जाऊन आले. बुरशी कालच्यापेक्षा टवटवीत! आता पुनवेआधी ती जायची नाही, हे धोंडूनं स्वतः सांगितलं. मी जिंकले होते. चालत नव्हते, नुसती तरंगत होते. घरी ओसरीवर आळीतल्या बायका जमल्या होत्या. माझ्या दिराच्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात, त्याच्या मुहूर्ताचे पापड त्या दिवशी आमच्याकडे लाटायचे होते. उडदाच्या पिठाचा, मिऱ्याचा वास, बांगड्यांचा किणकिणाट, गाणी. पीठ केसरनंच पहाटे तिंबून ठेवलं होतं. पण पहिला पापड सवाशिणीनं लाटायचा, आणि विधवेनं तिथं थांबायचं नाही. केसर पाट मांडत होती. पहिल्या बाईनं लाटणं हातात घेतलं, तशी ती उठली आणि आत गेली. तिला कुणीही काही म्हटलं नाही. म्हणायची गरजच उरली नव्हती.

मी तिच्या मागोमाग गेले. माझ्या डोक्यात अजून जिंकल्याची झिंग. ती मागच्या खोलीत, हिरड्याच्या पोत्यांमधे जमिनीवर बसली होती.

"केसर, बुरशी जिवंत आहे गं," मी म्हटलं. "धोंडू म्हणतो, पुनवेआधी जात नाही."

"कळलं मला. मीही सकाळी जाऊन बघून आले." तिचा आवाज शांत. "मी राहीन, आई. तुझी अट मी मोडणार नाही."

मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल. मी तिच्याजवळ बसले. बाहेर लाटणी फिरत होती, कुणीतरी नवऱ्या मुलाचं नाव घालून गाणं म्हणत होतं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "रागावू नकोस. माझ्या बांगड्या गेल्या, रंगाची लुगडी गेली, ते बाहेरचं लाटणं गेलं. सगळं सुटलंच आहे की माझं. मला न विचारता सुटलं. तिकडे गेले तर मी सोडलं, असं तरी होईल."

ती एवढंच बोलली. त्यात कडवटपणा नव्हता, तक्रार नव्हती. असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला उत्तरांची कधी वाण नव्हती. चार वर्षं जिला मी रुळलेली समजत होते, ती चार वर्षं दर वेळी अशी उठून आत येऊन बसत होती, इथं, ह्या पोत्यांमधे. आणि मी तिला हेच देण्यासाठी बुरशीला जगवत होते.

मी उठले. स्वयंपाकघरात खुंटीला एक वाळलेला पोकळ भोपळा टांगलेला असायचा, त्यात मी हळकुंडं ठेवायची. हळकुंडं परातीत ओतली. भोपळा कोरड्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसला, पुन्हा पुसला, नखानं खरवडून पाहिलं. तो नेऊन मी केसरच्या मांडीवर ठेवला.

"साध्वींना भोपळाही चालतो," मी म्हटलं. "अट माझी होती. मीच मोडते. जा."

ती भोपळ्याकडे बघत राहिली. आणि मग इतके दिवस दगडासारखी शांत असलेली माझी पोर माझ्या कुशीत शिरून हमसून हमसून रडायला लागली.

"मला भीती वाटते गं, आई," ती म्हणाली. "चालवेल का मला? उपास जमतील का? तू नाहीच म्हणशील असं वाटत होतं मला. म्हणून मी निवांत होते."

"मलाही भीती वाटते," मी म्हटलं. त्याहून खरं मी जन्मात काही बोलले नाही. पापडांची गाणी संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो. कुणीतरी हाक मारली, "अहो, तेलाची वाटी कुठं आहे?" आणि मी डोळे पुसून बाहेर गेले.

पुनव झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. गवतावर दव होतं, म्हणून ऊन वर येईपर्यंत थांबल्या. दवातही जीव असतात. मला ती जास्तीची घटका मिळाली. कुकडी नदीच्या काठापर्यंत मी गेले. आज्ञा मी मोठ्यानं दिली, गुरुणीजींसमोर. दीक्षा पुढं फाल्गुनात झाली, लांबच्या गावी. गाडी करून आम्ही गेलो. तिचे केस उतरले तेव्हा मी बघितलं नाही, ह्यांनी बघितलं.

आणि बरणी? मार्गशीर्षात कोरडा गार वारा सुटला, बुरशी आपसूक भुकटी होऊन गळून गेली. धोंडूनं आणि सगुणानं ती पुरी केली. केसरनं भोपळाच ठेवला, बरणी माझ्याकडे राहिली. कामाला नाव ठेवायला जागा नाही. झाकण वर ठेवून सोडलं की आतली हवा बाहेर टाकत अगदी सावकाश खाली बसतं. त्या काळ्या रेघा बरणीवरून थेट झाकणावर जातात, सांधा कळत नाही. येणारी-जाणारी माणसं कौतुक करतात. पावसाळ्याच्या अखेरीला मी ती एकदा खाली काढते, झाकण बसताना बघते आणि पुन्हा वर ठेवते. तिच्याकडे बघून मला अजून शांत वाटत नाही. घोर गेला, पण त्याची सवय राहिली. वारा कुठून सुटलाय ते मी अजून सकाळी उठून बघते.

दीक्षेनंतर मी तिला एकदाच जवळून पाहिलं. काही वर्षांनी निरोप आला, साध्वी पिंपळवंडीला एका शेतकऱ्याच्या पडवीत उतरल्यात, एवढी दुपार आहेत. मी गाडी जुंपायला लावली. रस्ता कसा गेला ते आठवत नाही. पडवीत तिघी-चौघी पांढऱ्या वस्त्रांतल्या. ती कडेला बसली होती, वाळली होती, उन्हानं रापली होती. तिचं नाव आता वेगळं होतं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आमच्यात दीक्षा घेतलेल्या लेकीला आईनं वंदन करायचं असतं. लेकीनं आईला नाही. मी वाकले. "धर्मलाभ," तिनं आशीर्वाद दिला, समोरच्या शेतकऱ्याच्या बायकोला दिला होता अगदी त्याच सुरात. माझं डोकं तिच्या पायांपाशी होतं आणि डोळ्यांसमोर तिची टाच आली. भेगा पडल्या होत्या. एक तर इतकी खोल की आत लाल दिसत होतं. घरी असती तर कोकमाचं तेल कढवून मी तिच्या भेगेत भरलं असतं, ती पाय आखडून ओरडली असती आणि मी तिला रागावले असते. दुखतं का गं, असं साध्वीला विचारत नाहीत. विचारायची एक ठरलेली रीत असते.

"सुखसाता आहे ना?" मी विचारलं.

"देवगुरूंची कृपा," ती म्हणाली. आणि मी अजून वाकलेलीच असताना तिनं ती टाच हळूच वस्त्राखाली ओढून घेतली, मला दिसू नये म्हणून.